बटणावरची खडूची रेघ

फोन नीट कानाशी धर, शिवे. तिकडं लांब बसून नुसतं हां हां करू नकोस. फोन कानाला लावून भाजी चिरायची, मधेच "हां आई, ऐकायलेय" म्हणायचं, अन् शेवटी "अप्पा माझ्याशी काही बोलतच नाहीत" अशी माझ्याकडंच तक्रार करायची, हे काही बरं नाही. नांदेडहून परभणी म्हणजे तासा-दीड तासाची रेल्वे, पुढं बोरीला यायला एसटी. एवढा रस्ता तुला मागच्या दिवाळीपासून झाला नाही. शाळेत वर्गभर लेकरांना शिकवतेस, अन् बापापाशी घटकाभर कसं बसायचं हे तुला आता कुणी शिकवायचं? बरं, रागवत नाही. तुझ्यावर रागवायचा मला हक्क उरलाय का, तेच आज बघायचंय. म्हणून फोन जवळ धर म्हणते. ही गोष्ट मोठ्यानं सांगण्यासारखी नाही.

मी सातवी शिकलेली बाई. पुढचं सगळं वाचन ब्लाऊजच्या कटिंगसाठी आणलेल्या रद्दीवर झालं. कागदावर बाहीचा मुंडा आखता आखता बातमी वाचायची, अन् कातरीखाली अर्धी गेली की उरलेली मनानं पुरी करायची. ही गोष्टही मी तशीच अर्धी कापून ठेवली होती. तुला तुझा तुकडा ठाऊक, अप्पांना त्यांचा. दोन्ही तुकडे माझ्यापाशी होते अन् मी ते शिवले नाहीत. कपडे शिवणाऱ्या बाईनं हे करावं!

हे दिवसच असे येतात. सकाळी अंगावर शाल लागते अन् दुपारी पत्रे कडकड वाजतात. पंखा लावायचा की नाही यावरून घराघरात बोलणी होतात. बाजारात हरभऱ्याचे ढाळे आलेत, लिंबाची पिवळी पानं अंगणात कितीही झाडली तरी पडतातच. जिनिंगाकडं जाणाऱ्या गाड्यांमधून सांडलेला कापूस रस्त्याकडच्या बाभळींना अडकून राहिलाय, लांबून बघितलं तर बाभळी पांढऱ्या फुलल्यागत दिसतात. अन् ओट्याओट्यावर गाईड घेऊन बसलेल्या पोरी. त्यांचे ओठ हलताना दिसले की माझा शिवणमशीनवरचा पाय अजून थांबतो. परीक्षा संपून इतकी वर्षं झाली, पण ती सवय गेली नाही. आता तिचं कारण मात्र वेगळं आहे.

परवा दुपारी पल्लवीची आई आली. आपल्या भिंतीला भिंत लागून राहतात ना, त्या. तू गेल्यावर आले ते लोक. अप्पांनी आतल्या खोलीत डेक लावला होता, चांगला मोठ्यानं. खिडकीची काच थरथरत होती. ती दारातच उभी राहून पदराचं टोक पिळायला लागली.

"काकू, रागावू नका बरं."

"अगं, आधी आत तर ये."

"न्हाई, तशीच आले होते. पल्लवीची बारावी हाय यंदा. अप्पांना जरा हळू लावायला सांगता का? तुमी घरच्यावानी म्हणून म्हणले, दुसऱ्या कुणाला म्हणले नसते."

किती गोड शब्दांत बोलली बिचारी! अन् मला आठवलं, की हेच मी कसल्या शब्दांत बोलत होते. मी आत गेले अन् बटण डावीकडं फिरवलं. अप्पांनी मान वर केली.

"बंद पडला का?"

"न्हाई, हळू केलाय."

"काय?"

"हळू केलाय म्हणलं! पल्लवीची परीक्षा हाय!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले, की डेकपेक्षा माझाच त्रास त्या पोरीला जास्त झाला असेल.

कानातलं मशीन त्यांनी डबीत घालून कपाटात ठेवलं होतं. का घालत नाही विचारलं तर म्हणतात, "त्यात समदंच ऐकू येतं. भांडी, दार, तुझी कटकट." असं म्हणून स्वतःच हसतात. मी पण हसते. मग स्वयंपाकघरात जाऊन उगंच डबे पुसत उभी राहते.

तुझ्या बारावीचं वर्ष आठव. हाच डेक होता. दोन काळे डबे, मधे टेप, वर मी विणलेला रुमाल. कॅसेटी पाच-सहा होत्या, पण अप्पांच्या जिवाची एकच. आपल्या महादेवाच्या देवळात शिवरात्रीच्या दुपारी मंडळीनं केलेलं भजन, कुणीतरी टेप समोर ठेवून भरून घेतलेलं. गाणारे आता नाहीत, मृदंगवाले काका थकले. त्यात झांज अप्पांची. गळ्यातल्या लिंगाइतकीच ती पितळी झांज जपणारा माणूस. मऊ धडप्यात गुंडाळून ठेवायचे. जिनिंगातून पाचच्या सुमाराला घरी यायचे, केसांत कापूस, भुवयांवर कापूस. हातपाय धुऊन, कपाळाला विभूती लावून डेकपुढं बसायचे. दिवसभर त्या यंत्रांपुढं उभं राहायचं, कापसातून सरकी वेगळी होताना जो दणदणाट होतो त्यात शेजारच्या माणसाशी खुणेनं बोलायचं, अन् घरी आल्यावर स्वतःचीच झांज ऐकायची. एवढीच त्यांची हौस.

त्या वर्षी शिवरात्रीला ते देवळात वाजवायला गेले नाहीत. "मांडी घालून बसवत न्हाई आता," म्हणाले. मला बरंच वाटलं. म्हणलं, घरी राहतील, पाणी भरतील, पोरीला अभ्यासातून उठायला नको. मांडी घालून डेकपुढं तर रोज बसतात, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. लय वर्षांनी मृदंगवाल्या काकांनी मला सांगितलं, "वहिनी, त्येंची झांज पुढं पळायली होती. आमी काही म्हणलं न्हाई, पण त्येंचं त्येंनाच कळलं असंल." त्यांचं त्यांना कळलं. माझं मला नाही.

मला एकच दिसत होतं, तुझी परीक्षा. माझ्या वडिलांनी मला सातवीतून काढलं तेव्हा माझ्या पाटीवर अर्धं गणित तसंच होतं. ते गणित मी तुझ्याकडून सोडवून घ्यायला निघाले होते. पेपर तू देणार होतीस, पण परीक्षेला बसले होते मी. भाकरी थापतानाही मला घाम फुटायचा. कोंबडा आरवला तरी राग यायचा. मग डेकची काय गत!

एक दिवस मी शिवणाचा खडू घेतला अन् आवाजाच्या बटणावर रेघ मारली.

"ह्या रेघेच्या पुढं बटण गेलं तर बघा. डेक उचलून विहिरीत टाकीन."

"भजन हाय बाई, कुणाला शिव्या न्हाई दिल्या."

"पोरगी पास झाली पाहिजे का न्हाई?"

"झाली पाहिजे की. पण तुझी मशीन दिवसभर खडखड करायलीय, तिला कुठं रेघ मारायची?"

"माझी मशीन म्हणजे काम हाय. तुमचं काय हाय?"

करार झाला. बटणाला कुणीच हात लावायचा नाही, ते रेघेवर राहणार. चालू-बंद करायचं ते भिंतीवरच्या स्विचवरून. शब्दाचा पक्का माणूस. दुसऱ्या दिवसापासून बटणाकडं बोटसुद्धा गेलं नाही.

पण ऐकणं सोडलं नाही. मग सुरू झाला तो खटाटोप, जो तू आतल्या खोलीत पुस्तकात डोकं घालून बसलेली असताना बाहेर चालायचा. एवढ्याशा आवाजात भजन भरून कसं आणायचं, याच्या मागं ते लागले. एकदा मी साडीला फॉल लावत होते, तर जवळ येऊन साडीचा काठ हातात धरला.

"हे बघ, आवाज हळू केला की गाणं नुसतं बारीक व्हत न्हाई. खालचा मृदंग अन् वरची झांज, हे त्याचे दोन काठ. हळू केलं की आधी काठच जातात. मधलं फडकं राहतं. गाणारा एकलाच बोंबलायला."

"मग नेसा तेच फडकं," मी म्हणाले.

आज वाटतं, इतकं नेमकं मला आजवर कुणी काही समजावून दिलं नसेल. अन् मी काय बोलले!

डेकवर एक बारकं बटण होतं, लाउडनेस म्हणतात त्याला. मोठ्या आवाजात ते दाबलं तर सगळं घुमतं, पण हळू आवाजात दाबलं की दोन्ही काठ परत लावल्यासारखे होतात. ते त्यांनी दाबून ठेवलं. डबे कपाटाच्या फळीवरून काढले, तिथं आवाज कोंडतो म्हणाले. खाली विटा ठेवल्या, विटांवर डबे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. भिंतीपासून चार बोटं, मग आठ बोटं, मग परत चार. भिंत जवळ आली की मृदंगाला अंग येतं, जास्त जवळ आली की नुसता गाळ होतो. समोरच्या भिंतीवर माझी गोधडी टांगली, कारण पत्र्याच्या अन् सिमेंटच्या खोलीत आवाज उड्या मारतो. पंखा बंद. पंख्याचा आवाज हळू गाण्याला गिळतो म्हणून घामानं भिजत बसायचे.

एक दिवस त्यांच्या ध्यानात आलं, की डाव्या डब्याची लाल-काळी वायर उलटी जोडलीय. "दोघं भांडायलेत," मला म्हणाले. "एक डबा ढकलायलाय, दुसरा ओढायलाय. मृदंग मधल्या मधी मरायलाय." वायर बदलली. शिवे, तुला खरं सांगते, मी पायडलवरचा पाय काढला होता. आवाज तेवढाच, रेघेतलाच, पण मृदंग फरशीतून तळपायाला लागला. खोली भरली. आत तुझ्या पुस्तकाचं पान उलटलेलं ऐकू येत होतं, अन् तरी खोली भरली होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पटकन पाय ठेवला अन् मशीन सुरू केली. "बरं हाय" एवढं तरी म्हणायला माझं काय जात होतं?

मग माझाच खडू घेऊन त्यांनी फरशीवर एक गोल काढला. "दोन डबे अन् ऐकणारा, तिघांत सारखं अंतर पाहिजे. त्या गोलात बसलं की दोघं एकाच वक्ताला येऊन भेटतात." स्वतः त्या गोलात बसायचे. कधी गोल पुढं सरकवायचे, कधी मागं. अन् रोज तेच बोलणं.

"मृदंग आला. पण झांज न्हाई अजून."

झांज यावी म्हणून ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाजाचं, बटण त्यांनी पार टोकाला नेलं होतं. मला तर ती सुईसारखी टोचायची. एकदा मी वैतागले. "माझ्या डोक्यात घुसायलीय ती झांज, अन् तुमाला येईना? कान हायेत का बटाटे?"

ते हसले. "बटाटेच म्हण." अन् गोल दोन बोटं पुढं सरकवला.

मला झांज ऐकू येत होती अन् त्यांना येत नव्हती. दोघं एकाच खोलीत, एकाच डब्यांपुढं. यावरून काय समजायचं ते शेंबड्या लेकराला समजलं असतं. पण जिनिंगवाल्याच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलतात. आपण त्यांच्याशी कायम ओरडूनच बोलत आलो. तोंडासमोर बोललं की त्यांना कळायचं, पाठमोरं बोललं की कळायचं नाही, अन् मी म्हणायची, लक्षच नसतं या माणसाचं.

तुझ्या पहिल्या पेपरला चार दिवस होते. जिनिंगाचा कापूस त्यांच्या कपड्यांवरून घरभर व्हायचा, तो डेकच्या फटीफटीत बसलेला. मी ओलं फडकं घेऊन सगळं पुसून काढलं. पुसता पुसता आवाजाचं बटण फिरलं, अगदी डावीकडं, शेवटपर्यंत. खडूची रेघही पुसून गेली. माझ्या ध्यानात आलं नाही. हे मी शपथेवर सांगते, तेव्हा ध्यानात आलं नाही.

पाच वाजता ते आले. हातपाय धुतले, विभूती लावली, भिंतीवरचा स्विच दाबला अन् गोलात जाऊन बसले. डेकचा लाल दिवा लागला. कॅसेटची दोन चाकं फिरायला लागली. मी सुईत दोरा ओवत होते म्हणून मशीन थांबलेली होती. दोरा ओवून झाला अन् मला जाणवलं, की घरात काहीच वाजत नाही. लिंबावरच्या चिमण्या ऐकू यायल्या होत्या. अन् समोर हे बसलेले. डोळे कॅसेटच्या चाकांवर, उजव्या हाताची दोन बोटं गुडघ्यावर झांज वाजवायलेली. मान डोलायलेली. कुठं थांबायचं तिथं थांबत होते, कुठं जलद घ्यायचं तिथं घेत होते.

मला वाटलं, माझी चेष्टा करायलेत. मी मोठ्यानं विचारलं, "येतंय का बरं?"

त्यांनी मान वळवली. चेहरा असा उजळलेला, की लग्नातसुद्धा मी तसा बघितला नव्हता. म्हणाले, "लय भारी. बघ, आता कसं भरून आलंय. हळू आवाजात समदं. झांज बी आली."

त्यांना खरंच तसं वाटत होतं, का पोरीची परीक्षा होईस्तवर माझ्याशी भांडण नको म्हणून बोलले, हे मला आजवर कळलेलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

मी उठले होते, शिवे. डेकपर्यंत गेले होते. बटणावर हात ठेवला होता. रेघ कुठं होती ते मला पाठ होतं, परत तिथं आणून ठेवायचं एवढंच. तेवढ्यात आतून तुझा आवाज आला. रसायनशास्त्रातलं कसलंतरी तू घडाघडा म्हणत होतीस, एकदाही न अडखळता. मी तिथंच उभी राहिले. घर शांत होतं. हे खूश होते. तू म्हणत होतीस. मला वाटलं, सगळ्यांचंच चांगलं चाललंय, मधे आपण हात कशाला घाला. मी हात काढून घेतला.

त्यानंतर तुझे पेपर संपेपर्यंत, तीन आठवडे म्हण, ते रोज पाच वाजता त्या मुक्या डेकपुढं बसले. मी त्या वेळी मुद्दाम मशीन चालवायची. ती शांतता मला ऐकवत नव्हती. नुसती सुई पळवायची, कापड नसलं तरी. खाली कापड नसताना मशीन चालवली की दोरा गुंततो, हे शिवणकाम शिकायला बसणाऱ्या पोरींना मी पहिल्याच दिवशी सांगते. त्या तीन आठवड्यांत माझा किती दोरा गुंतला!

शेवटचा पेपर देऊन तू मैत्रिणींबरोबर पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेलीस. त्या दिवशी ते यायच्या आधी मी बटण होतं तिथं आणून ठेवलं, खडूची रेघही नवीन मारली. ते आले, बसले. भजन सुरू झालं, मृदंग, झांज, सगळं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. काहीच बदललं नाही. तीच मान, तीच दोन बोटं. आवाज नसताना जसे बसले होते तसेच आवाज असताना बसले. तेव्हा मात्र मला कळलं. कळलं नाही असं म्हणायला जागाच उरली नाही.

अन् मी काय केलं? तुझ्या निकालाची वाट बघायला लागले. निकाल लागला, पेढे वाटले, तुला नांदेडला घातलं. होईल, बघू, दाखवू, असं म्हणत गेले. त्यानंतर आणखी सहा हंगाम ते जिनिंगात उभे राहिले, त्याच यंत्रांपुढं, तेच कान घेऊन. कापसाच्या ढिगात उभा राहणारा माणूस, अन् त्याच्या कानात बोळा घालावा हे घरातल्या बाईला सुचलं नाही. सुचलं नाही हेही खोटं. बोळा घाला म्हणलं असतं तर का म्हणून विचारलं असतं, अन् मग ते तीन आठवडे सांगावे लागले असते.

मागच्या वर्षी परभणीला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. काचेच्या खोलीत बसवून त्यांच्या हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबा. मी बाहेरून बघत होते. बटण हातात, डोळे मिटलेले, वाट बघायलेत. किती वेळ दाबतच नाहीत. बाईंनी मला कागद दाखवला. रेघ थोडी सरळ चालते अन् मग उतारावरून पाय घसरल्यागत खाली जाते. "हे बारीक, उंच आवाज," त्या म्हणाल्या, "हे आधी जातात. झांज, घंटी, बांगडी, पाखरं." मग विचारलं, "कधीपासून आहे?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "एवढ्यातच. दोनेक वर्षं."

त्या म्हणाल्या, "आधी कळलं असतं तर गेलेलं परत आलं नसतं, पण पुढचं वाचवता आलं असतं." मी मान हलवली. पदरानं तोंड पुसलं. अप्पा तेव्हा मशीन कानात घालून बघत होते. त्यांनी ऐकलं का नाही, कुणास ठाऊक.

हे सगळं मी माझ्यापाशीच ठेवून मेले असते. पण मागच्या महिन्यात तू फोनवर सहज बोलून गेलीस. "आई, बारावीच्या वेळी अप्पांचं भजन चालू असलं की मला बरं वाटायचं. कुणीतरी बाहेर बसलंय असं वाटायचं. मग पेपर जवळ आले अन् एकदम बंदच झालं. मला वाटलं, माझं पुढं शिकणं अप्पांना पसंत नाही, म्हणून रुसलेत. तेव्हापासून मीच जरा लांब झाले." अन् वर हसलीस, "तुझ्या मशीनचाच त्रास व्हायचा खरं तर."

शिवे, अप्पा रुसले नव्हते. ते रोज बाहेर बसलेले होते. तुझ्या भिंतीच्या पलीकडं, गोलात. बटण माझ्या हातानं फिरलं होतं अन् माझ्या हातानं तसंच राहिलं. तुला शांतता हवी होती असं मी सगळ्यांना सांगत आले. ती मला हवी होती.

परवा पल्लवीची आई गेल्यावर मी विटा शोधल्या. परसातल्या तुळशीच्या कडेच्या चार काढून आणल्या. डबे त्यांच्यावर ठेवले, भिंतीपासून चार बोटं. गोधडी टांगली. वायरी बघितल्या, लाल ती लाल, काळी ती काळी. पंखा बंद. लाउडनेस दाबलं. टेपचा बेल्ट मधे परभणीतून बदलून आणलाय, त्यामुळं चाकं बरी फिरतात. आता तर हळूच लावावं लागतं, मोठ्या आवाजात त्यांचं कानातलं मशीन चिरकतं. जे तेव्हा माझ्या धाकानं करत होते, ते आता त्यांच्या कानालाच पाहिजे. मी कपाटातून डबी काढली अन् त्यांच्यापुढं धरली.

"घाला."

"कशाला?"

"घाला म्हणते ना. सांगीन मग."

मशीन कानात बसवायला मी हात पुढं केला, तर म्हणाले, "तुझ्या बांगड्या वाजतात की गं." जशा काही कालच भरल्या होत्या मी.

भजन लावलं. पल्लवीच्या खिडकीपर्यंतसुद्धा गेलं नसेल इतकं हळू. आधी मृदंग फरशीवरून आला. गाणाऱ्यांचा गळा आला. अप्पा चाकांकडं बघत नव्हते, डोळे मिटलेले होते. बोटं गुडघ्यावर. मधेच बोट थांबलं. ते खुदकन हसले.

"हे बघ, इथं हुकली होती माझी झांज. मृदंगवाल्यानं डोळे वटारले होते."

मी इतकी वर्षं ती कॅसेट ऐकतेय, मला ती चूक कधी कळली नव्हती. अन् एक आठवलं. त्या तीन आठवड्यांत, मुक्या डेकपुढं, त्यांच्या बोटांची एकही झांज हुकली नव्हती.

मी त्यांच्याजवळ सरकले. म्हणलं, आता सांगायचं. इतक्या जवळून, इतक्या हळू, की ओरडावं लागणार नाही. आमच्या संसारात मी त्यांना हळू आवाजात काही सांगितल्याचं मला आठवत नाही. चूक कबूल करायची तर ती ओरडून कशी करायची? गल्ली गोळा होते. मी म्हणाले, "तुमाला एक सांगायचं होतं. शिवीच्या बारावीच्या वक्ताला..."

"काय?"

ऐकू आलं नाही म्हणून विचारलं, का पुढं बोल म्हणून विचारलं, हे मला कळलं नाही. अन् मी काय म्हणाले माहिती आहे? "काही न्हाई. चहा ठेवू का?"

म्हणून तुला बोलावतेय. तुझ्या शाळेच्या परीक्षा असतील, मला ठाऊक आहे, तरी रविवार काढ. पल्लवीचे पेपर संपायच्या आत ये, म्हणजे आवाज असाच हळू असेल. सकाळच्या गाडीनं निघालीस तर जेवायला पोचशील. दुपारी आम्ही दोघं दोन बाजूंना बसू, डब्यांच्या शेजारी. समोर फरशीवर मी खडूनं गोल काढून ठेवलाय, दोघांपासून सारख्या अंतरावर. झाडताना तेवढा सोडून झाडते. तू तिथं बस. मग मी अप्पांना सांगीन. हळूच बोलीन, पण पुरं बोलीन. ये गं लवकर, खडू पुसट व्हायच्या आत ये.